एका खोलीचा आग्रह

गोंदिया जिल्ह्यात समकालीन लघुकलेचे एक छोटेसे संग्रहालय असावे, असे आम्ही म्हणतो तेव्हा ऐकणारा बहुधा आधी हसतो. मग तो तीन आक्षेप घेतो. पहिला आक्षेप असा की, कला दाखवायची तर ती मोठी दाखवावी. तळहाताएवढ्या चित्रांना कोण विचारतो? दुसरा असा की, संग्रहालये मुंबई-पुण्याने उभारावीत, फार तर नागपूरने उभारावीत. भातगिरण्यांच्या गावाला हा छंद शोभणारा नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार असतो आणि तो आवाज खाली आणून सांगितला जातो : शेतकऱ्याच्या धानाला धड भाव नाही, तरुण मुले कामासाठी परमुलखात जातात, आणि तुम्हाला चित्रे सुचतात? या तिन्ही आक्षेपांना उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. तिसरा आक्षेप आम्ही अखेरीस घेणार असलो, तरी तो आम्ही हलका मानीत नाही, हे आरंभीच नमूद करतो. आम्ही याच जिल्ह्यात राहतो आणि याच धानाचा भात खातो.

प्रथम आमची मागणी स्पष्ट करू. आम्हाला एक खोली हवी. त्या खोलीत खणांची कपाटे असावीत, प्रत्येक खणात कप्पे असावेत, आणि प्रत्येक कप्प्यात आज हयात असलेल्या एखाद्या कलावंताने त्या मापासाठी मुद्दाम घडविलेली एक कलाकृती असावी. ते चित्र असेल, मुद्राचित्र असेल, लाकडाचे, मातीचे, धातूचे वा कापडाचे काम असेल. माप कोणत्याही बाजूने दहा सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे. कपाटाच्या दारावर कलावंताचे नाव, गाव आणि वर्ष असावे. खोली आठवड्यातून निदान बाजाराच्या दिवशी उघडी असावी. एवढीच मागणी आहे.

ही आमच्या डोक्यातून निघालेली लहर नव्हे. असे संग्रहालय जगात प्रत्यक्ष उभे राहिलेले आहे. स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट डिस्टेल या कलावंताने १९७० साली शिवणाच्या दोऱ्याची रिळे ठेवण्याचे एक जुने कपाट घेतले. त्या कपाटाला वीस खण होते. प्रत्येक खणाचे पंचवीस कप्पे, म्हणजे एकूण पाचशे कप्पे. एकेक कप्पा मुठीत मावेल एवढा. त्याने देशोदेशींच्या कलावंतांकडून त्या मापाची कामे मिळविली. १९७७ पर्यंत पाचशे कलावंतांची कामे त्या एका कपाटात जमा झाली होती आणि त्यांत पिकासोचेही काम होते. १९७२ साली जर्मनीतील कॅसल येथील डॉक्युमेंटा या ख्यातनाम प्रदर्शनात हे कपाट मांडले गेले. पुढे ते झुरिचच्या कुन्स्टहाउस या मोठ्या कलासंग्रहालयाच्या संग्रहात दाखल झाले. विसाव्या शतकातील कलेचा एवढा विस्तृत पट एका माणसाला उचलता येतील अशा वीस खणांत बसला. त्याच्याही आधी, १९३५ ते १९४१ या काळात, मार्सेल द्युशाँ याने स्वतःच्या कामांच्या ६९ छोट्या प्रतिकृती एका पेटीत बसवून आपले संग्रहालय हातात धरून नेण्याजोगे केले होते. तेव्हा ‘असे कुठे असते का?’ हा प्रश्न आम्हाला यापुढे कोणी विचारू नये.

आता पहिला आक्षेप. लहान म्हणजे गौण, ही समजूत आली कुठून? लघुचित्राला इंग्रजीत ‘मिनिएचर’ म्हणतात, आणि त्या शब्दात ‘मिनी’ ऐकू येते म्हणून त्याचा अर्थ ‘लहान’ असा आपण धरून चालतो. वस्तुतः त्या शब्दाचा लहानपणाशी मुळात संबंध नाही. लॅटिन भाषेत ‘मिनियम’ म्हणजे शिशापासून केलेला तांबडा रंग, म्हणजेच आपला शेंदूर. मध्ययुगातील मठांत हस्तलिखिते लिहिणारे लेखनिक प्रकरणाचे पहिले अक्षर या शेंदराने रंगवीत. त्या कामाला ‘मिनियारे’ म्हणत, आणि पुढे पोथीतील चित्रांनाही तेच नाव चिकटले. पोथीची पाने लहान, म्हणून चित्रे लहान. आणि चित्रे लहान, म्हणून शब्दाचा अर्थच कालांतराने ‘लहान’ असा झाला. गावाच्या शिवेवरच्या दगडाला जो रंग फासताच गाव त्याच्यापुढे मान झुकवते, त्याच रंगावरून या कलेला नाव मिळाले आहे. दगड केवढा आहे हे शिवेवर कोणी मोजून पाहत नाही.

लहान कलाकृतीचा मोठा गुण असा की, ती प्रवास करते. भव्य वेदीचित्र आपल्या जागी उभे राहते आणि माणसाला तिथवर यावे लागते. तळहाताएवढे चित्र माणसाकडे जाते. याचे एक उदाहरण आपल्या वाचकांना आवडावे. १५८० साली रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे जेझुइट सोबती फत्तेपूर सिक्री येथे अकबराच्या दरबारी पोहोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्प येथे छापलेले अनेक भाषांतील बायबल नजर केले. त्यानंतर धर्मगुरूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या सामानातून युरोपातील छापील मुद्राचित्रे मोगल चित्रशाळेत येत राहिली. १६०० साली अबुल हसन नावाच्या, वयाच्या तेराव्या वर्षात असलेल्या मुलाने जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या १५११ सालच्या मुद्राचित्रातील संत योहानाची आकृती रेखाटली. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहे. ड्यूररचे मूळ मुद्राचित्र सुमारे बारा सेंटिमीटर उंचीचे होते. न्यूरेंबर्गमधील घडणीचा तो कागदाचा तुकडा समुद्र ओलांडून हिंदुस्थानातल्या एका मुलापर्यंत पोहोचला आणि त्या मुलाचा हात त्यावर तयार झाला. पुढे जहांगीराने ज्याला ‘नादिर-उझ-झमान’, म्हणजे ‘काळाचे आश्चर्य’, असा किताब दिला, तो हाच अबुल हसन. बारा सेंटिमीटरचे ते चित्र बारा फुटांचे असते, तर ते जहाजावर चढले असते काय?

आजही हेच घडते. स्पेनमधील कादाकेस या किनाऱ्यावरच्या लहान गावात १९८१ पासून छोट्या मुद्राचित्रांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरत आले आहे. चित्राचे माप दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये, असा त्याचा दंडक. आमच्या दहा सेंटिमीटरचा उगमही तोच. या मापामुळे जगातील कोणत्याही कलावंताला आपले काम साध्या पाकिटात घालून टपालाने पाठविता येते. लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये १९८० च्या दशकात लघुचित्रणाचे रीतसर शिक्षण सुरू झाले. सुकलेली समजली गेलेली ती फांदी तेथे पुन्हा पालवली. शाहजिया सिकंदर या तेथील विद्यार्थिनीने लघुचित्राच्या जुन्या तंत्रात आपल्या घरातील आजचे जीवन रंगविले आणि ती जगभर नावाजली गेली. आपल्या महाराष्ट्रात सावंतवाडीला गंजिफांची कला मरणपंथाला लागली होती. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले आणि शिवरामराजे यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीत राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफांच्या एका संचात १२० गोल पत्ते असतात. प्रत्येक पत्ता हाताने रंगविलेला, प्रत्येक पत्ता तळहातात मावणारा. या सर्वांना ‘खेळणी’ म्हणून उडवून लावणाऱ्याने आधी त्यांतला एक पत्ता रंगवून दाखवावा.

आणि खेळणी असली तरी काय बिघडले? आमच्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडाचे छोटे बैल सजवून, चाकांवर ओढीत रांगेने आणतात आणि घरोघर बोजारा मागतात. त्या दिवशी बैल लहान म्हणून कोणी त्याची चेष्टा करीत नाही. सुताराने वशिंड नीट काढले आहे का, शिंगांचा बाक बरोबर आहे का, रंग कोणी दिला, यावर मोठी माणसे गंभीरपणे मत देतात, आणि अनेक ठिकाणी उत्तम बैलाला बक्षीसही असते. लघुकलेची पारख म्हणतात ती हीच. ती आमच्याकडे आहे. मात्र सणाची रात्र सरली की बैल माळ्यावर जातो, वाळवी लागते, आणि तो कोणत्या हाताने घडविला होता याची नोंद कुठेही उरत नाही.

इथून आम्ही दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो. संग्रहालये मोठ्या शहरांनी करावीत, असे म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो : आजवर तसेच झाले, त्यातून आमच्या वाट्याला काय आले? १८६३ साली नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्याला ‘अजब बंगला’ असे समर्पक नाव दिले. त्या संस्थेचे उपकार आम्ही मानतो. परंतु तिच्या पाठोपाठ एक सवयही रुजली. वस्तू जिल्ह्यात सापडावी आणि पाहायला नागपूर, मुंबई अथवा विलायत गाठावी, ही ती सवय. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे १८७० साली तांब्याच्या ४२४ आणि चांदीच्या १०२ प्राचीन वस्तूंचा साठा जमिनीत मिळाला. त्यांतील कित्येक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गोंदिया ते जबलपूर ही सातपुड्यातून जाणारी नॅरो गेजची लहान गाडी आमच्या आजोबांच्या पिढीपासून धावत होती. तिचे रूळ गेले, त्यांच्या जागी मोठे रूळ आले, हे योग्यच झाले. पण त्या काळातली लहान इंजिने आणि डबे पाहायचे म्हणून आमची मुले नागपूरच्या मोतीबागेतील रेल्वे संग्रहालयात जातात; ते २००२ साली सुरू झाले. गोंदिया हे स्थानक मात्र गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणूनच लोकांच्या ध्यानात राहते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, आठ तालुके झाले, कचेऱ्या उभ्या राहिल्या. आपल्या माणसांच्या हातचे काम आपल्याच जिल्ह्यात जपून ठेवण्याची सवय मात्र जिल्ह्याबरोबर आली नाही.

मोठ्या संग्रहालयांची स्वप्ने दिल्लीत पाहिली जात आहेतच. नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक या इमारतींत सुमारे ९५० खोल्यांचे राष्ट्रीय संग्रहालय करण्याची योजना २०२३ साली जाहीर झाली. ते व्हावे, आमची ना नाही. पण सालेकसा तालुक्यातल्या सातवीतल्या मुलीला त्या ९५० खोल्यांचा उपयोग किती, आणि एस. टी. ने जाऊन संध्याकाळच्या आत घरी परतता येईल अशा एका खोलीचा उपयोग किती, याचा हिशेब कोणीतरी मांडलाच पाहिजे.

एका खोलीतून संग्रहालय होते, याची साक्ष आपल्याच राज्यात आहे. पुण्याचे दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांनी घरोघर फिरून अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, दौती अशा लहानसहान वस्तू जमविल्या आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय केले. सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह १९७५ साली त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला. अडकित्ता ही काही भव्य वस्तू नव्हे. पण केळकरांचे अडकित्ते पाहिलेला माणूस पुढे आपल्या घरातला अडकित्ता भंगारात टाकताना थांबतो. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे परशुराम गंगावणे यांनी २००६ साली स्वतःच्या गोठ्यात ठाकर समाजाच्या चित्रकथीचे आणि बाहुल्यांचे संग्रहालय सुरू केले. गुरे बाहेर काढली आणि चित्रे आत आणली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यात जे होऊ शकले, ते आमच्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या रिकाम्या वर्गात, ग्रंथालयाच्या बाजूच्या खोलीत अथवा चर्चच्या आवारातील एखाद्या बंद दालनात का होऊ नये?

येथे कोणी म्हणेल, केळकरांनी आणि गंगावण्यांनी जुने जपले. तुम्ही आजच्या कलावंतांचे काय मांडता? जुन्यालाच किंमत असते, आजचे कोण पाहतो? या प्रश्नाला आपल्या समाजाने स्वतःच्याच इतिहासात उत्तर शोधावे. १९०२ साली गोव्यात जन्मलेले अँजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. परतल्यावर त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली आणि तिला या मातीतली आई केली. मोठ्या तैलचित्रांपेक्षा कागदावरच्या जलरंगांत त्यांचा जीव रमे. गोव्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. ते पुण्याला आले, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांना आसरा मिळाला, आणि १९६७ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये जपून ठेवलेला आहे आणि अभ्यासक तेथे जातात. ते हयात असताना त्यांची वीस चित्रे कायम टांगून ठेवणारी एक खोली आपल्यापैकी किती धर्मग्रामांनी त्यांना देऊ केली? कलावंत गेल्यावर त्याची थोरवी मान्य करणे फार सोपे असते. तो बाजारात भाजी घेताना भेटतो तेव्हाच त्याचे काम विकत घेणे, ही खरी कसोटी आहे.

गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालय १९९४ साली राशोल सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ साली जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आले. त्यातील हस्तिदंती मूर्ती कित्येकदा वितीपेक्षा मोठ्या नाहीत. त्या ज्यांनी कोरल्या, ते त्यांच्या काळातले समकालीन कारागीरच होते. कोणीतरी त्यांना काम सांगितले, मोबदला दिला, म्हणून ते काम झाले. आपल्या घरोघरी प्रार्थनापुस्तकांत संतांची छोटी छापील चित्रे असतात. प्रथम कम्युनियनची, दीक्षाविधीची, मृतांच्या स्मरणाची. म्हणजे तळहाताएवढे चित्र जवळ बाळगण्याची रीत आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. ती चित्रे कुठल्यातरी कारखान्यात लाखांनी छापली जातात. आपल्याच वस्तीतल्या एखाद्या चित्रकाराकडून असे एक चित्र मुद्दाम करवून घेण्याचे किती कुटुंबांना सुचले? ही उणीव दाखविताना आम्ही कोणा एकाकडे बोट दाखवीत नाही. बोट सर्वांकडेच आहे.

‘पण कलावंत आणणार कुठून?’ असे विचारणाऱ्याने जिल्हा डोळे उघडून पाहिलेला नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. त्यांचे पडदे रंगविणारे हात आहेत. गावोगावच्या दुकानांवर सुबक अक्षरांत पाट्या लिहिणारे पेंटर आहेत. फ्लेक्सने त्यांची रोजी हिरावली, कसब अजून हिरावले गेलेले नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत गोंड आणि हलबा वस्त्या आहेत. तेथील आजीबाईंच्या हातांवर गोंदणाचे जे आकार आहेत, ते त्यांच्या नातींनी कागदावर उतरवून घेतले नाहीत तर त्यांच्याबरोबरच जातील. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, आणि तिबेटी परंपरेत ‘त्साकली’ नावाची, हातात धरायची छोटी धार्मिक चित्रे असतात. शाळाशाळांतून चित्रकला शिक्षक आहेत. त्यांतील अनेकांनी कलाशिक्षणाची पदविका घेतल्यानंतर स्वतःसाठी एकही चित्र काढलेले नाही, कारण काढून ठेवायचे कुठे आणि दाखवायचे कोणाला? वीस फुटांचा पडदा रंगविणाऱ्या माणसाला दहा सेंटिमीटरचा चौकोन देऊन पाहा. तो आधी गोंधळेल, मग त्यात रमेल, आणि त्यातून जे निघेल ते मुंबईतल्या एखाद्या दालनात पाहायला मिळणार नाही.

लहान मापाचे आणखी एक व्यवहारी बळ आहे. कागदावरील चित्राचा मोठा शत्रू प्रकाश. म्हणून मोठी संग्रहालये अशा चित्रांवर सुमारे ५० लक्स इतकाच मंद उजेड पडू देतात आणि त्यासाठी महागडी व्यवस्था करतात. खणातले चित्र मुळातच अंधारात असते. पाहणाऱ्याने खण ओढला की उजेड, ढकलला की अंधार. आमच्याकडचा पावसाळा ओला आणि उन्हाळा कडक. परंतु एक खोली कोरडी ठेवणे, खणांत कसर आणि वाळवी शिरू न देणे, महिन्यातून एकदा प्रत्येक कप्पा तपासणे, हे दोन निष्ठावंत माणसांनी करण्याजोगे काम आहे. शिवाय खण ओढणारा माणूस थबकतो, वाकतो, श्वास रोखून पाहतो. मोठ्या दालनात भिंतीवरून नजर फिरवीत तो पुढे निघून गेला असता.

आता तिसरा आक्षेप : आधी पोट, मग चित्र. हा आक्षेप घेणाऱ्यांतील काहींच्या मनात गरिबांविषयी खरी कळकळ असते. त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, आमच्या भागातील शेती कशावर उभी राहिली? शेकडो मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, आणि शेताशेतातल्या बोड्यांवर. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार पाहून, माती ओळखून ते बांधले. मोठी धरणे नंतर आली. बोडी लहान असते म्हणून तिला कोणी चैन म्हणत नाही, कारण ती शेताला लागून असते आणि वेळेला पाणी देते. मनाच्या ओलाव्यालाही असाच जवळचा साठा लागतो. गरिबाच्या मुलाला आधी पोटभर अन्न हवे, हे निर्विवाद आहे. पण ‘आधी’ या शब्दाची मुदत कधी संपते, हे सांगायला कोणी तयार नसते. श्रीमंताच्या मुलाला ‘आधी’ सांगितले जात नाही. त्याला अन्न आणि चित्रे एकाच वयात मिळतात. गरिबाला मात्र सौंदर्य पुढच्या पिढीच्या नावावर उधार ठेवायला सांगितले जाते.

या आक्षेपामागे काही वेळा दुसराही सूर असतो आणि त्याला आम्ही तितक्याच नम्रपणे उत्तर देणार नाही. जी मंडळी संग्रहालयाच्या खोलीला उधळपट्टी म्हणतात, तीच मंडळी रौप्यमहोत्सवाच्या कमानीला, सत्काराच्या शालींना, नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांना आणि एका रात्रीच्या मंडपाला उधळपट्टी म्हणत नाहीत. आपल्या चर्चच्या सणांतही हा मोह शिरला आहे, हे आपण जाणतो. कमान दुसऱ्या दिवशी उतरते आणि फलक गोठ्यावर पांघरला जातो. तो खर्च कोणाच्या भाकरीतून गेला, असे तेव्हा कोणी विचारत नाही. ज्यांनी त्या खर्चाला हरकत घेतली असेल, त्यांनी खुशाल आमच्या खोलीलाही घ्यावी. इतरांनी आधी तिकडचा हिशेब द्यावा.

आमच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक गोष्ट बजावणे अगत्याचे आहे. संस्था लहान असली की ती आपोआप निर्मळ होते, असा भ्रम कोणी बाळगू नये. सातपुड्याच्या पलीकडे, आजच्या डिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा परधान गोंड तरुण. १९८० च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनासाठी जगदीश स्वामीनाथन यांनी पाठविलेल्या चमूला त्याचे काम दिसले. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याचे काम गेले, आणि गोंड चित्रकलेची एक संपूर्ण शाखा त्याच्यामागे उभी राहिली. २००१ साली तो जपानमधील तोकामाची येथील मिथिला म्युझियममध्ये काम करीत होता. हे एका जुन्या शाळेच्या इमारतीत उभे राहिलेले, भारतीय लोककलेवर प्रेम करणारे छोटे संग्रहालय आहे. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या ठिकाणी त्याने स्वतःचे जीवन संपविले. त्याचे वय चाळीसही नव्हते. त्या मृत्यूने भारतातील कलाजगताला विचारलेले प्रश्न अजून जिवंत आहेत : कलावंताशी करार कोणत्या भाषेत होतो? त्याला मोबदला किती, आणि परतीची तारीख कोण ठरवतो? त्याचे मन खचले तर ऐकायला जवळ कोण असते?

म्हणून आमच्या खोलीला काही नियम आधीच लावून घ्यावेत, असा आमचा आग्रह आहे. कोणाचेही काम फुकट घेऊ नये. मोबदला लहान असला तरी तो काम हाती येताच द्यावा. देणगी म्हणून काम मागणे हा गरीब कलावंतावरचा कर आहे. कराराचा कागद मराठीत असावा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो त्याच्या बोलीत वाचून दाखवावा. प्रतिमा छापण्याचा हक्क कलावंताकडेच राहावा. आवकपुस्तकात प्रत्येक कामाची नोंद व्हावी. जातीची, धर्माची, पदवीची अट असू नये. अट फक्त मापाची आणि प्रामाणिक कामाची असावी. व्यवस्था पाहणाऱ्या समितीत निम्मी माणसे स्वतः हाताने काम करणारी असावीत. व्यासपीठावर बसण्यापुरत्या येणाऱ्यांची सोय अन्यत्र पुष्कळ आहे.

शासनाकडे आम्ही आरंभी काहीच मागत नाही. अर्ज, मंजुरी आणि भूमिपूजन यांत खोलीचे दार कधी उघडेल हे सांगता येत नाही. एक कपाट लागेल. चांगला सुतार जिल्ह्यात आहे. पंचवीस कप्प्यांचा एक खण भरून आरंभ करावा. एका धर्मग्रामाने, एका शाळेने, एका वाचनालयाने एकेक खण अंगावर घेतला, तर वीस खण भरायला फार वर्षे लागणार नाहीत. वसई, पुणे, नागपूर अथवा परदेशी असलेल्या आपल्या वाचकांनी आपल्या ओळखीच्या कलावंताला दहा सेंटिमीटरचे काम सांगावे, त्याचे पैसे द्यावेत आणि ते टपालाने पाठवावे. गोंदियाला येणाऱ्या पाकिटावर जास्त तिकिटे लागत नाहीत.

या लेखाला उत्तर अवश्य यावे. ‘आधी’ म्हणणाऱ्यांनी उत्तरात वर्ष लिहावे. मोठ्या इमारतीची वाट पाहा, असे म्हणणाऱ्यांनी इमारतीची जागा लिहावी. आणि ज्यांना आमचे म्हणणे पटले असेल, त्यांनी उत्तर लिहिण्याआधी येत्या तान्ह्या पोळ्याला आपल्या गावातल्या सर्वांत सुरेख लाकडी बैलाच्या पोटाखाली तो घडविणाऱ्या सुताराचे नाव, गावाचे नाव आणि वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवावे. आवकपुस्तकातली पहिली नोंद आम्ही तिथूनच उतरवून घेऊ.